निस्तोरच्या शेजारची जागा

बस लेका, कंदिलाजवळ सरकून बस. हिवाळ्यात पार्क बंद झाला की मॅडम आधी या खोलीची वीज तोडते. म्हाताऱ्याला अंधारात बसवून तिचे दोन दिवे वाचतात.

तर पैज लाव. मी गोष्ट सांगतो, तू शेवट ओळखायचा. ओळखलास तर ही प्लाचिंता तुझी. निस्तोरच्या बायकोनं, साफ्तानं, स्वतःच्या हातानं केलीय, आत चीज भरलंय, अजून ऊन ऊन आहे. नाही ओळखलंस तर मी खाईन आणि तू बघत बसशील. शेवटी किंमत कुणी मोजली आणि काय मोजली, एवढंच सांगायचं. पैशांत नाही हां. पैसे मोजायला आमच्याकडे कधी होते?

एक आधीच सांगून टाकतो. निस्तोर मरत नाही. बघ, पडला ना चेहरा! तेच म्हणणार होतास. मास्तर लोकांचं असंच असतं, पहिल्या पानावर शेवट शोधतात.

तू शाळेत भूगोल शिकवायचास म्हणे. शाळा बंद पडली, आता माझ्या जागी भूत व्हायला आलायस. लाजू नकोस. घरात खाणारी तोंडं असली की माणूस काय वाट्टेल ते होतो. निस्तोर तर खऱ्या खाणीतून खोट्या खाणीत आला.

ही समोरची आपली भुताची खाण बघतोस ना? आत प्लास्टरच्या भिंती, काळा रंग, कोपऱ्याकोपऱ्यात लाल दिवे. पण कोळशाच्या वाघिणी मात्र खऱ्या आहेत. जिउ नदीच्या वरच्या अंगाची खाण बंद पडली, तेव्हा मालकानं भंगारात उचलल्या, दोन दोन माणसांची गादी बसवली, पोटावर येणारा लोखंडी दांडा लावला. दांडा एकदा खाली आला की बसल्या जागेवरून उघडत नाही. बाहेरून, उजव्या बाजूच्या पायरीखाली एक पट्टी आहे, ती पायानं दाबायची. तुला दाखवीन उद्या. दाखवीन म्हणजे लांबून दाखवीन.

मी त्या आतल्या वळणावर कोनाड्यात उभा राहायचो. तोंडाला काजळी, डोक्यावर फुटकं शिरस्त्राण. वाघीण आली की ‘हाऽऽ’ करून अंगावर. गावंच्या गावं किंचाळायची. एकदा एका फौजदाराची टोपी पडली ती त्यानं परत मागितलीसुद्धा नाही. फार सुखाची नोकरी रे.

निस्तोर पहिल्या दिवशी आला तेव्हा त्यालाही तसाच आडवा गेलो. नव्या माणसाला आमचा हाच नमस्कार. तो जागचा हलला नाही. काजळीतून मला नीट बघितलं आणि म्हणाला, “काका, गाडला गेलेला माणूस असा ओरडत नाही.”

“मग काय गाणं म्हणतो?”

“ठोकतो,” म्हणाला. “पाइपवर. दोन जोडीनं, मग एक उशिरा.”

माझं हसू तोंडातच राहिलं.

त्याचा धाकटा भाऊ इलारी त्याच खाणीत गाडला गेला होता. निस्तोर नखांनी कोळसा उकरत होता आणि पलीकडून ठोकण्याचा आवाज येत होता. मग आत वायू भरला, वरून हुकूम आला, निस्तोरला चौघांनी उचलून बाहेर काढला आणि बोगद्याचं ते तोंड भिंत घालून बंद केलं. ठोकणं तेव्हा चालू होतं की थांबलं होतं, ते मी त्याला विचारलं नाही. मी वाह्यात आहे, पण तेवढा नाही.

पुढं खाणच बंद झाली. घरात साफ्ता, तीन पोरं, आई. इलारीची बायको आणि तिचं तान्हं, तेही याच्याच पदरात. दोन घरांच्या चुली एका माणसावर. कुणी म्हणालं, इटलीला जा, म्हाताऱ्यांची सेवा कर. हा म्हणाला, दोन घरं सोडून कुठं जाऊ? आणि इथं वाघिणींच्या फलाटावर उभा राहिला. लोकांना बसवायचं, दांडा लावायचा, परत आले की पट्टी दाबून सोडायचं. जुने सोबती तिकीट काढून चिडवायला यायचे. “काय निस्तोर, कोळसा किती काढलास आज? आइस्क्रीमच्या गाडीला पुरेल ना?” हा आपला हसायचा आणि त्यांचा दांडा जरा जास्तच घट्ट लावायचा.

पण माणसात एक खोड होती. कुठं बसायचा नाही. बसमध्ये जागा असली तरी उभा. चर्चमध्ये उभा. जेवताना बाकाच्या अगदी टोकाला, आणि पलीकडे कुणी बसलं तरच. मी म्हटलं, “मूळव्याध झाली का रे? माझ्याकडे औषध आहे, फक्त लावायला दुसरा माणूस शोध.”

तर तो रागावला नाही. म्हणाला, “रविवारी घरी या. आई सांगेल.”

म्हातारी स्ताना. दात एक नाही, पण बोलली की सुरी. मला मक्याचा घाटा वाढला, त्सुइका दारूचा पेला ठेवला, आणि विचारलं, “तुमचा महिना कुठला?”

म्हटलं, “मला महिना नाही हो आजी. मला अनाथाश्रमाच्या दारात टाकलेला. तिथल्या बाईंनी दात मोजून वाढदिवस ठरवला, घोड्याचा ठरवतात तसा.”

ती हसली नाही. “माझे दोघे एकाच महिन्याचे. नोव्हेंबरचे. एका महिन्याची भावंडं एका बेडीत असतात. एक मेला की दुसऱ्याला ओढतो. म्हणून शवपेटी उचलायच्या आधी मेलेल्याचा पाय आणि जिवंताचा पाय घोड्याच्या बेडीत घालायचा. कुलूप लावायचं. जिवंतानं तीनदा विचारायचं, कोण होईल माझा भाऊ, मरेपर्यंत? ज्याची छाती असेल त्यानं म्हणायचं, मी होईन. आणि कुलूप उघडायचं. मग ओढ सुटते.”

“मग घातली नाहीत का बेडी?”

“कुणाच्या पायात घालू?” म्हातारी म्हणाली. “पेटीत त्याचा लग्नातला सदरा ठेवला, नवे बूट ठेवले, त्यावर माती टाकली. रिकाम्या बुटाला बेडी घालून काय होतंय? माझा एक आत ठोकत राहिला आणि दुसरा अजून त्याला बांधलेला आहे. म्हणून याला सांगितलंय, रिकाम्या जागेशेजारी बसायचं नाही. आणि बसून अंगावर काही अडकवून तर अजिबात घ्यायचं नाही.”

मी निस्तोरकडे बघितलं. खाणीत वाढलेला धट्टाकट्टा गडी, मान खाली घालून पोराच्या बुटाचा तळवा चिकटवत होता. म्हणाला, “मी जायला घाबरत नाही काका. पण मला जाऊन चालणार नाही.”

एवढंच. रडगाणं नाही, काही नाही.

आता आपल्या नोकरीतली मेख तुला माहीत नसेल. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी वाघिणीतून एक फेरी मारावी लागते, दांडा लावून. सगळं ठीक आहे ना बघायला. निस्तोरनं मला गाठलं. “काका, माझ्या शेजारी बसता का?” म्हटलं, “फुकट?” तेव्हापासून ही प्लाचिंता सुरू झाली. मी त्याच्या उजवीकडे बसायचो, प्लाचिंता खायचो, आणि अंधारात त्याच्या मानेवर हळूच थंड चमचा टेकवायचो. तो म्हणायचा, “काका, तुम्ही मरा एकदाचे.” मी म्हणायचो, “मग तुझ्या शेजारी कोण बसेल?” असं मजेत चाललं होतं.

मग नोव्हेंबर आला.

मॅडम ओतिलिया तेव्हा आमची नवी व्यवस्थापक. तिनं कुठं तरी शिकून आणलं की ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर असावं. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात शाळांच्या सहली येणार होत्या, आणि तिला सगळं एका वेळी तपासायचं होतं. म्हणाली, “पर्वूकाका, तुम्ही फेरीच्या वेळी कोनाड्यात. निस्तोर वाघिणीत. बसायचं नसेल तर तसं सांग निस्तोर. पुढल्या हंगामासाठी माझ्याकडे माणसं रांगेत उभी आहेत.”

बाई वाईट नव्हती. तिला काय ठाऊक? मी तोंड उघडणार, तर निस्तोर म्हणाला, “बसतो.”

सकाळचीच वेळ. पण धुकं असं उतरलेलं की मोठ्या पाळण्याचे वरचे डबे दिसत नव्हते, नुसते करकरत होते. निस्तोर गोदामातून वाळूचं एक पोतं खांद्यावर घेऊन आला, वाघिणीत उजव्या जागेवर ठेवलं, थोपटून नीट बसवलं.

म्हटलं, “ही कोण पाहुणी? जरा जाड आहे तुझ्या मानानं.”

“जागा रिकामी नको,” म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण हात स्थिर होते. शेजारी बसला. “दांडा लावा काका.”

मी लावला. खट्. मग धावत मागच्या दारानं आत जाऊन कोनाड्यात उभा राहिलो. खरं सांगतो, चमचा खिशात होता. म्हटलं, इतकं गंभीर होऊन कसं चालेल, वळणावर जरा मजा करू.

आत अंधार. कोपऱ्यातला लाल दिवा चालू नव्हता. मला तो वास रोजचा, रंग आणि वंगण. त्या दिवशी वास निराळा होता. ओल्या मातीचा, आणि जुन्या बंद संदुकीचा. पाय गार पडायला लागले. लांब कुठं वाघीण निघाल्याचा आवाज आला. गडगड, गडगड. पहिलं वळण. दुसरं. मी कान देऊन ऐकत होतो, आणि मला वाटलं, आज गाडी जड चाललीय. पोतं होतं ना, म्हटलं. पोत्याचं वजन असणारच.

मग काहीतरी धप्पकन पडलं. गाडी तशीच येत राहिली. तशीच जड.

आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

तिथं थांबायची सोय नाही रे. तिथं उतार आहे.

मी विजेरी पेटवली. निस्तोर डाव्या जागेवर, समोर बघत, ताठ. उजवी जागा रिकामी. पोतं मागं रुळाशेजारी फुटून पडलेलं, वाळू सांडलेली. पण दांडा… अरे, तो दांडा एकच सरळ लोखंड आहे, दोघांवर एकदम येतो. निस्तोर त्या उन्हाळ्यात वाळून काठी झाला होता. पोतं गेल्यावर तो खाली त्याच्या पोटाशी टेकायला हवा होता. टेकला नव्हता. वीतभर वर अडून बसला होता. शेजारी कुणी भरल्या छातीचा गडी बसला असला की अडतो, तसा. आणि गादी… उजवीकडची गादी दबलेली होती.

“निस्तोर…” मी म्हटलं.

“काका… विजेरी खाली करा.” ओठ न हलवता बोलत होता. “त्याला उजेड सोसत नाही…”

खाली केली. अंधारात लोखंडावर आवाज झाला. ठक ठक. मग उशिरानं… ठक.

माझी पाठ प्लास्टरला लागली. पळायला मागचं दार चार पावलांवर होतं. लोक म्हणतात भूत बघितलं की पाय जड होतात. थापा. पाय एकदम हलके होतात, पिसासारखे. ते दाराकडे निघालेसुद्धा.

तेवढ्यात निस्तोर बोलला. माझ्याशी नाही. खणखणीत आवाजात, जसं पाच माणसं उभी असलेल्या अंगणात बोलावं.

“कोण होईल माझा भाऊ, मरेपर्यंत?”

नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज. आपल्या खोट्या खाणीत पाण्याचा नळसुद्धा नाही.

“कोण होईल… माझा भाऊ, मरेपर्यंत?”

आणि मला त्याचं ते पोराचं बूट चिकटवणं आठवलं. मला जाऊन चालणार नाही. मी जन्मभर लोकांना घाबरवून पोट भरलं, पण मला ‘तू नसलास तर चालणार नाही’ असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं, पर्वू, तुझ्या शेजारी अख्ख्या आयुष्यात कोण बसलं? हाच एक. तेही प्लाचिंता देऊन.

तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. “कोण…”

“मी होईन!” म्हटलं. “मी होईन रे, ओरडू नकोस!”

आणि पट्टीवर उजवा पाय ठेवला. पट्टी उजव्या बाजूला आहे, सांगितलं ना तुला. दाबली. हलेना. सगळं अंग तोलून दाबली. तेव्हा वाघिणीतून कुणीतरी आपला पाय बाहेर काढला, आणि माझ्या पावलावर ठेवला. लाथ नाही मारली. ठेवला. हळूच, जसं आपण पोराच्या पावलावर पाऊल ठेवून त्याला नाचायला शिकवतो. बर्फ असता तर परवडलं असतं.

दोन्ही पायांच्या वजनानं पट्टी खाली गेली. खट्. दांडा उघडला.

मी निस्तोरला काखेत धरून बाहेर ओढला. दोघं पडलो ते वाळूतच. मागं वाघीण आपोआप चालू झाली, उतार धरून, सावकाश. अजून जडच होती.

बाहेर आलो तर ती फलाटावर आमच्या आधी पोचली होती. मॅडम ओतिलिया वहीत बघत उभी. म्हणाली, “रिकामी गाडी आली, आणि दांडा लावलेला कसा?” मग गादीकडे बघून, “आणि ही जागा ओली कुणी केली? काळा चिखल आहे सगळा. पर्वूकाका, पुन्हा तुमचे चाळे?”

म्हटलं, “हो मॅडम. माझेच.” जन्मात पहिल्यांदा न केलेला चाळा अंगावर घेतला. निस्तोरनं फडकं आणून जागा पुसली. दहा मिनिटांत सहलीची पोरं आली, किंचाळत फिरून गेली. निस्तोर प्रत्येकाचा दांडा लावत होता, प्रत्येकाला सोडत होता. संध्याकाळी जाताना बसमध्ये खिडकीशी बसला. बसला! शेजारची जागा मोकळी, आणि हा डोकं काचेला टेकून घोरतोय.

पुढल्या हंगामाला त्याला कायम केलं. थोरली मुलगी आता परिचारिका होतेय. इलारीचं तान्हं शाळेत जातं, माझ्या कमरेएवढं आहे आणि मला आजोबा म्हणून चावतं. साफ्ता दर शनिवारी प्लाचिंता पाठवते. दोन घरांच्या चुली पेटल्यात.

हं. आता बोल. किंमत कुणी मोजली?

मॅडमनं? नाही. म्हातारीनं? ती आपल्या दोघांना पोचवून मग जाईल. कबूल कर की हरलास.

ही घोंगडी उचल माझ्या मांडीवरनं. उचल रे, चावत नाही.

दिसलं? गुडघ्याखाली काही नाही. उजवा.

त्या दिवशी तो पाय गार पडला तो परत ऊन झालाच नाही. आधी अंगठा काळा पडला. मग पाऊल. धुवून जाईना, कोळशासारखं काळं. शहरातला डॉक्टर म्हणाला, “काका, विड्या.” आता विड्या मी ओढतो, खोटं कशाला बोलू? पण विड्या मी दोन्ही पायांनी ओढत नाही का? डावा बघ, कसा गुटगुटीत आहे. गेल्या हिवाळ्यात उजवा कापला.

शुद्धीवर आलो तर खाटेशी म्हातारी स्ताना. कशी आहे तब्येत, काही नाही. म्हणाली, “पाय कुठाय? मला द्या.”

म्हटलं, “आजी, सूप करायचंय का?”

म्हातारी पहिल्यांदा हसली. त्या बोळक्या तोंडानं असं हसली की मला रडू आलं. त्या दवाखान्यात तिनं कुणाकुणाचे हात धरले देवाला माहीत, पण पाय घेऊन आली, कापडात गुंडाळून. गावाच्या दफनभूमीत इलारीची पेटी वर काढली. मला खुर्चीत बसवून नेलं होतं. अखेर बेडीत घालायला एक खरा पाय मिळाला होता. इलारीचं पाऊल लागलेला. म्हातारीनं माझा पाय आणि इलारीचा बूट एका बेडीत अडकवला, कुलूप लावलं. निस्तोरनं तीनदा विचारलं. मी खुर्चीतून तीनदा म्हटलं, मी होईन. आणि म्हातारीनं किल्ली फिरवून कुलूप उघडलं. मग माती.

लोक म्हाताऱ्याला म्हणतात, याचा एक पाय थडग्यात गेलाय. माझा खरंच गेलाय. मी म्हणतो, बाबा रे, शेवटच्या प्रवासाचं तेवढं भाडं कमी झालं.

पैज हरलास. प्लाचिंता इकडे दे.

दोनच गोष्टी आहेत, त्या मी निस्तोरला सांगितल्या नाहीत. तूही सांगू नकोस.

पेटी उघडली तेव्हा सदरा ठेवला होता तसाच होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. पण बूट… नवे कोरे बूट पुरले होते ना? म्हातारीला कमी दिसतं, निस्तोरनं तोंड फिरवलं होतं. मी बघितलं. दोन्ही तळवे झिजून गेले होते, आरपार. आणि टाचेला प्लास्टर चिकटलं होतं. आपल्या भिंतींचं. काळा रंग लावलेलं.

आणि दुसरी… मी पहाटे इथं एकटा उठतो. डाव्या बुटाची नाडी माझी मी बांधतो. त्याच वेळी उजवीकडे, जिथं काही नाही तिथं, कुणीतरी खाली बसून दुसरी नाडी बांधतं. सावकाश. खाणीतले लोक बांधतात तशी, दोन गाठी जोडीनं, मग एक उशिरा.

आज जरा जास्तच घट्ट बांधलीय.